पाच जणांचं ‘नाही’

दिगुवेली बेटाने मागच्या खेपेला राष्ट्राध्यक्षांना शंभर टक्के मतं दिली होती. उमेदवार एकच, प्रश्नही एकच, ‘हे हवेत का?’ आणि उत्तरं सगळी ‘हो’. या कामगिरीबद्दल कातीब झकरिय्याला राजधानीतून, मालेहून, मनगटी घड्याळ आलं होतं. कातीब म्हणजे बेटाचा मुख्य माणूस. भांडणं सोडवणारा तोच, जन्ममृत्यूची खबर वर कळवणारा तोच, निकाह लावणारा आणि मोडणाराही तोच. ते घड्याळ घालून तो शुक्रवारी मशिदीत जायचा तेव्हा बाही पार कोपरापर्यंत चढवलेली असायची.

यंदा मात्र वायरलेसवर आसपासच्या सगळ्या बेटांचे मोठे साहेब बोलले आणि कातीबच्या तोंडचं पाणी पळालं. परदेशातले लोक हसतात म्हणे. शंभर टक्के म्हणजे लोकांना धाक आहे असं त्यांच्या वर्तमानपत्रांत छापून येतं. तेव्हा या वेळी थोडी ‘नाही’ हवीत. फार नकोत, दिसण्यापुरती. दिगुवेलीसारख्या बेटाला चारपाच पुरेत.

“चार की पाच, साहेब?” कातीबने विचारलं.

“पाच कर. पण मी सांगितलं असं कुठे बोलायचं नाही.”

दुपारच्या नमाजानंतर कातीबने किनाऱ्यावरच्या माडांखाली घराघरातल्या माणसांना बोलावलं. पुरुष दोरीने विणलेल्या बाकड्यांवर रेलले होते. बायका जरा पलीकडे बसून, खाडीत कुजवलेली नारळाची सोडणं लाकडी दांड्याने कुटत होत्या. त्यांत रविय्या होती. कातीब बोलायला लागला तसे दांडे एकेक करून थांबले, फक्त रविय्याचा चालू राहिला. राष्ट्राध्यक्षांचं नाव निघालं की तिला हाताला काहीतरी काम लागायचं. तिचा नवरा इद्रीस त्याच नावापायी घरातून गेला होता.

दोन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षांच्या विजयाच्या वर्धापनदिनी सगळे ढोल बडवत असताना इद्रीस याच बाकड्यावर बसून म्हणाला होता, “एकाच होडीची शर्यत, पोरांनो! आणि तरी पहिला कोण आला म्हणून आपण रात्रभर ढोल पिटतोय.” लोक पोट धरून हसले होते. हसणाऱ्यांपैकीच कुणीतरी ते वर पोचवलं. आठवड्याभरात इद्रीसला पाच वर्षांची हद्दपारी झाली. पार दक्षिणेकडच्या एका बेटावर, जिथे त्याचं कुणी ओळखीचंही नव्हतं. बोटीत चढतानाही तो थट्टा करत होता. रविय्याला त्या थट्टेचा राग आला होता आणि तीच थट्टा तिला रोज आठवायची.

“तर पाच जणांनी ‘नाही’वर खूण करायची आहे,” कातीब म्हणाला. “सरकारी काम समजा.”

मग प्रत्येकाच्या घरी काही ना काही अडचण निघाली. मोठ्या होडीचा मालक शफीऊ म्हणाला, त्याच्या होडीला इंजिन मंजूर व्हायचंय. दुकानदार फायिझची मुलगी मालेला एका बड्या माणसाच्या घरी शिकायला राहिली होती. बांग देणारा कुद्दूस म्हणाला, “मी अल्लाच्या घरचा नोकर. मला कशाला या भानगडीत ओढता?”

“कातीबबे, तुम्हीच करा की पाच खुणा,” बायकांतून झुहुरा म्हणाली. बेटावर मोठ्या माणसाच्या नावाला आदराने ‘बे’ लावत. झुहुराच्या तोंडाला कधीच लगाम नव्हता. एकाच नवऱ्याशी तिने तीनदा निकाह लावला होता, दोनदा मोडून.

“केल्या असत्या गं बाई. पण या वेळी पेटीपाशी मालेचा अधिकारी बसणार आहे. बरोबर एखादा गोरा कॅमेरावाला आला तर?”

“मग रविय्याला सांगा,” शफीऊ म्हणाला. “तिच्या घरातून ‘नाही’ आलं तर शोभेलही. नवरा आधीच गेलाय. तिचं आणखी काय जायचं राहिलंय?”

रविय्याने दांडा खाली ठेवला. “शफीऊबे, निवडून आल्यावर राष्ट्राध्यक्ष हद्दपारांना माफी देतात. इद्रीसचं नाव त्यात जावं म्हणून मी दोन वर्षं कातीबबेंच्या अंगणाची वाळू झाडतेय. या बेटावर कुणाचं सगळ्यात जास्त जाणार असेल तर ते माझं. तुझं इंजिन गेलं तर तुला शीड आहे.”

बायका हसल्या. शफीऊ खजील झाला, पण हात वर करायला तो तयार नव्हता, आणि दुसरं कुणीही नव्हतं. शेवटी म्हाताऱ्या मूसाबेने तोड काढली. मूसाबेचे डोळे कधीच गेले होते. त्यामुळेच होडी आली की माशांचे वाटे त्याच्या हातून होत. वाळूत माशांचे ढीग लावायचे, प्रत्येकाने आपली खूण मूसाबेच्या हातात द्यायची. कुणी कवडी, कुणी सुपारी, कुणी काडी. मूसाबे पाठ फिरवून एकेक खूण ढिगावर टाकणार. ज्याची खूण ज्या ढिगावर, तो ढीग त्याचा, मग त्यात बोटभर मासे असोत की थाळीएवढे. आजवर मूसाबेच्या वाट्यावर कुणी भांडलं नव्हतं. वाटा नाकारणाऱ्याच्या गळाला समुद्र तोंड लावत नाही असं सगळे मानत.

“माझ्या हातात खुणा द्या,” मूसाबे म्हणाला. “पाच काढतो. ज्याचा वाटा त्याने घ्यायचा. मग रडगाणं नको.”

कातीबचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांनी खुणा दिल्या. रविय्याने काथ्याचा एक पीळ वळून दिला. मूसाबेने पाठ फिरवली आणि पाच खुणा वाळूवर टाकल्या. शफीऊची शिशाची गोळी, फायिझचं बटण, कुद्दूसच्या माळेतला मणी, झुहुराची तुटकी बांगडी. पाचवा पडला तो काथ्याचा पीळ.

रविय्या उठून सरळ कातीबसमोर गेली. “कातीबबे, मी वाटा नाकारत नाही. पण इद्रीसचं काय?”

“अगं, हे वरच्यांचंच काम आहे. उलट तू ऐकलंस म्हणून मीच त्याच्यासाठी चार शब्द बोलेन. निकाल लागला की त्याच दिवशी, वायरलेसवर. माझा शब्द.”

सगळ्यांसमोर दिलेला शब्द होता. रविय्याने त्यावर विश्वास ठेवला. त्यापेक्षा जास्त विश्वास तिने मूसाबेच्या हातावर ठेवला, आणि खरी चूक तिथेच झाली.

मतदानाच्या दिवशी बेट झाडून लख्ख केलं होतं. शाळेवर पताका होत्या. मालेचा अधिकारी पंख्याखाली बसून शहाळं पीत होता. गोरा कॅमेरावाला आलाच नव्हता. आडोशामागे जाऊन रविय्याने कागद उघडला. दोन चौकोन, एक पेन्सिल. आपण इतकं घाबरू असं तिला वाटलं नव्हतं. वाटलं, ‘हो’वर करावी खूण आणि घरी जावं, कोण बघतंय? पण बाकीचे चौघे आपला वाटा घेणार, आणि आपण एकट्या पळून जाणार? पुढच्या वेळी मूसाबेच्या हातात खूण कुठल्या तोंडाने द्यायची? तिने ‘नाही’वर खूण केली. आणि खरं सांगायचं तर पेन्सिल टेकली तेव्हा तिला बरं वाटलं. इद्रीस गेल्यापासून पहिल्यांदा तिने मनातलं काही कुठेतरी लिहिलं होतं.

मोजणी शाळेच्या अंगणात, सगळ्यांसमोर. अधिकारी एकेक कागद उलगडून दाखवायचा, कातीब मोठ्याने पुकारायचा आणि प्रत्येक ‘हो’ला ढोलावर एक थाप पडायची. हो, थाप. हो, थाप. निम्मे कागद झाले असतील, आणि कातीब अडखळून म्हणाला, “नाही.”

ढोलवाल्याचा हात सवयीने खाली आला, मग हवेतच थांबला. लोक एकमेकांकडे बघायचं टाळत होते. पण घाबरलं कुणी नव्हतं. पाच निघायचीत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. एक झालं, चार राहिली.

रविय्या पुढच्या चारांची वाट बघत उभी राहिली. हो, थाप. हो, थाप. ढीग उतरत चालला तशी ती उरलेले कागद मोजू लागली. तिने शफीऊकडे पाहिलं. तो माडाचे शेंडे बघत होता. फायिझ डोळे चोळत होता. झुहुरा तर तिथे नव्हतीच. शेवटचा कागद ‘हो’ निघाला, अधिकाऱ्याने पेटी उलटी करून दाखवली, आणि ढोल जोरात वाजू लागले. अख्ख्या बेटाचं मिळून एकच ‘नाही’ होतं, आणि ते कुणाचं हे तिथे हजर असलेल्या तिघांच्या चेहऱ्यांवर लिहिलेलं होतं.

पाच निघाली असती तर ते लोकमत ठरलं असतं. एकच निघालं, म्हणून ते रविय्या ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या तिघांची घरं फिरून ती किनाऱ्यावर गेली. शफीऊ होडीच्या तळाला तेल फासत होता.

“तुझी खूण पडली होती, शफीऊबे.”

“मला वाटलं, बाकीचे चौघे करतीलच. एकाने काय फरक पडतो?”

“कुद्दूस हेच म्हणाला. फायिझही हेच म्हणाला. झुहुरा रडली आणि मग हेच म्हणाली. माशाच्या वाट्यात असं केलं असतंस?”

शफीऊने तेलाचा बोळा खाली ठेवला. त्याला थोडी लाज वाटत होती, नाही असं नाही. “ते मासे असतात, रविय्या,” तो म्हणाला. “मासे पोरंबाळं खातात.”

तिने त्याच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. त्याऐवजी ती कातीबकडे धावली, कारण तिला इद्रीसचं पडलं होतं.

कातीबच्या कचेरीत वायरलेस खरखरत होता आणि कातीब घामाने निथळत होता. झालं होतं असं, की थोडी ‘नाही’ हवीत हा निरोप सगळ्याच बेटांना गेला होता. आज्ञाधारकपणात आपण मागे पडू नये म्हणून काही कातीबांनी पाचाची पन्नास केली होती. राजधानीत बेरीज झाली तेव्हा तिथे हाहाकार उडाला. आता वरून विचारणा सुरू झाली होती, ही ‘नाही’ म्हणणारी माणसं कोण?

“साहेब, आपणच सांगितलं होतंत...” कातीब म्हणू लागला.

“मी? मी काय सांगितलं होतं, झकरिय्या?”

कातीबने घाम पुसला आणि नाव सांगितलं. दारात उभ्या असलेल्या रविय्याने स्वतःचं नाव ऐकलं, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट.

वायरलेस बंद झाल्यावर कातीब तिच्याशी नजर मिळवेना. मग म्हणाला, “इद्रीसचं नाव माफीत गेलंय. मी आधीच घातलं होतं, शब्द दिला तसा. पण आता साहेब म्हणतात, जिने ‘नाही’ म्हटलं तिच्या नवऱ्याला माफी कशी द्यायची? त्यानेच शिकवलं असणार.”

“तो तर तिकडे समुद्रापार आहे! कसा शिकवेल?”

“ते मला नको सांगू. एक वाट आहे.” कातीबने आवाज खाली आणला. “तो तुझा नवरा नसला तर प्रश्नच नाही. वायरलेसवर तलाक देऊ दे. नाव आहे तिथे राहील. तो परत येईल, तलाकनंतरचे तुझे इद्दतीचे तीन महिने भरतील, मी पुन्हा निकाह लावतो. झुहुराचा नाही का लावला? आपल्या बेटावर यात विशेष ते काय?”

विशेष काहीच नव्हतं हे खरं. दिगुवेलीवर निम्म्या बायकांनी कधी ना कधी तलाक घेतला होता आणि त्यातल्या कित्येक त्याच घरात परत नांदत होत्या. पण रविय्या आणि इद्रीसचा निकाह पहिलाच होता आणि कधी मोडला नव्हता. त्यांना त्याचा थोडा गर्वही होता. तिने ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, “लावा त्याला वायरलेस.”

तिकडच्या बेटावर इद्रीसला शोधून वायरलेसपाशी आणायला दुपार झाली. कचेरीत तोवर अर्धं बेट गोळा झालं होतं, शफीऊसुद्धा. कातीबने सगळं समजावून सांगितलं. बराच वेळ नुसती खरखर आली. मग दोन वर्षांनी तिला त्याचा आवाज ऐकू आला. तिला वाटलं, आता हा काहीतरी विनोद करेल आणि मला रडू फुटेल. पण इद्रीसने तिचं पूर्ण नाव घेतलं, सांगितले ते शब्द उच्चारले आणि शेवटी वायरलेसच्या शिस्तीप्रमाणे म्हणाला, “ओव्हर.”

“त्याला सांगा, तब्येतीची काळजी घे म्हणावं,” रविय्या म्हणाली. पण बोलायचं बटण कातीबच्या हाताखाली होतं, आणि त्याने यंत्र बंद केलं होतं.

महिनाभराने इद्रीस आला. धक्क्यावर सगळे जमले होते. तो निम्मा झाला होता, कानांवरचे केस पांढरे झाले होते. त्याने सगळ्यांशी हात मिळवले, शफीऊशीही. रविय्यासमोर आला तेव्हा मान खाली घालून तिला सलाम केला, परक्या बाईला करावा तसा, आणि बहिणीच्या घरी गेला. लोक बघताहेत म्हणून, असं तिने मनाला समजावलं. ती रोज बहिणीच्या हाती डबा पाठवायची. माशाचा रस्सा, रोशी नावाच्या पातळ पोळ्या, फणसाचे तळलेले काप. डबा घासून परत यायचा. बहीण म्हणायची, “जेवतो गं. बोलत नाही फारसा.” संध्याकाळी तो किनाऱ्यावरच्या बाकड्यावर बसायचा. कुणी काही म्हटलं आणि बाकीचे हसले, की आधी सगळ्यांचे चेहरे बघून घ्यायचा, मग हसायचा.

तीन महिने भरले त्या दिवशी रविय्याने नवा लिबास घातला आणि बहिणीला सांगून इद्रीसला कातीबच्या कचेरीत बोलावलं. कातीबने दोघांना बघितलं आणि घसा खाकरला.

“आत्ता नको,” तो म्हणाला. “वरची चौकशी अजून चालू आहे. आज निकाह लावला तर तो पुन्हा तिचाच नवरा झाला. म्हणजे माफी रद्द, आणि मीही गेलो.”

“तुम्ही शब्द दिला होता,” रविय्या म्हणाली. “दोनदा.”

“दिला होता. काय करू, माझ्या हातात आहे का काही?”

तिने इद्रीसकडे पाहिलं. दोन वर्षं ती याच क्षणासाठी थांबली होती असं तिला वाटलं. तो काहीतरी बोलेल, कातीबच्या चढवलेल्या बाहीवरून, मनगटावरच्या घड्याळावरून, कशावरूनही. इद्रीस भिंतीवरच्या राष्ट्राध्यक्षांच्या तसबिरीकडे बघत होता.

“कातीबबे म्हणतात ते बरोबर आहे,” तो म्हणाला.

बाहेर आल्यावर दोघं कचेरीच्या आवाराच्या भिंतीशी थांबली. ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

“तुला काय गरज होती?” इद्रीस म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

“माझी खूण पडली होती.”

“आणखी चौघांची पडली होती. त्यांना कळलं काय करायचं ते. तुला एकटीला कसं कळलं नाही?”

शफीऊकडून तिने ते ऐकून घेतलं होतं. कातीबकडून, झुहुराकडून, पाणी भरायला गेल्यावर विहिरीवरच्या पोरींकडूनही ऐकून घेतलं होतं. इद्रीसच्या तोंडून ते येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिथेच वाळूत बसावं, आणि हद्दपारीच्या पहिल्या महिन्यांत तो जिवंत आहे की नाही याची खात्री नव्हती तेव्हासारखं मोठ्याने रडावं, असं तिला वाटलं.

इद्रीसने तिचा चेहरा पाहिला आणि जरा नरमला. जवळ येऊन तो हळू आवाजात म्हणाला, “हे बघ, पुढच्या मतदानाला पाच वर्षं. ती काय, जातील. पुढच्या वेळी तू सगळ्यांच्या आधी जा, ‘हो’वर नीट खूण कर, बाहेर येऊन कातीबला सांग. मग ते स्वतःहून आपला निकाह लावतील. मी कातीबबेंना विचारून ठेवलंय. थांबशील ना?”

रविय्या त्याच्याकडे बघत राहिली. तेच कपाळ, तेच कान, भुवईवर गळ लागल्याची तीच जुनी खूण.

“नाही,” ती म्हणाली.

ती मोठ्याने म्हणाली होती. इद्रीस दचकला. तिच्याकडे न बघता त्याने आधी रस्त्याच्या या टोकाला आणि मग त्या टोकाला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.